मामाजींची कोरी कॉफी

"वहिनी, इकळे पाह्य, फटाके!"

रजनीनं संत्र्याची साल चुलीच्या जाळाशी नेली आणि दोन बोटांत पिळली. तडतड करत बारीक ठिणग्या उडाल्या. माझी ही नणंद एकोणीस वर्षांची, बारावी पास, आणि खेळ मात्र पाचवीतल्या पोरीचे. मी लोखंडी कढईत कॉफीच्या बिया परतत होते. दोन घाणे आधीच जळून कोळसा झाले होते, हा तिसरा. धुरानं माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि हिला फटाके सुचत होते. तिला चार शब्द सुनावावेत म्हणून मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तो वास आला.

खाली भाजत आलेली कॉफी, वर संत्र्याच्या सालीचं तेल. करपट वास कुठल्या कुठे पळाला. माझा हात कढईतच थांबला.

"पुन्हा कर," मी म्हणाले.

"काय?"

"पीळ पुन्हा. इथं, कढईवर."

तिनं पिळली. आम्ही दोघींनी कढईवर नाक धरलं आणि एकमेकींकडं पाहिलं. रजनीचे डोळे हे एवढे झाले होते.

"वहिनी," ती कुजबुजली, "माय हे पेईन." माय म्हणजे माझ्या सासूबाई.

ही शनिवारची सकाळ. माझ्याकडे रविवारच्या संध्याकाळपर्यंत वेळ होता, आणि अजून मला पिण्याजोगी एक कपभर कॉफीही जमली नव्हती.

कसली घाई होती ते सांगते. माझं सासर चिखलदऱ्याचं. घर उतारावर, आणि घराच्या मागं मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी लावलेली कॉफीची चाळीस झाडं. मामाजी वनखात्यात गार्ड होते. तरुणपणी कुठूनशी रोपं आणून त्यांनी ती लावली, आंब्याच्या सावलीत वाढवली. दरवर्षी लाल फळं तोडायची, अंगणात वाळवायची, पोत्यात भरून परतवाड्याच्या व्यापाऱ्याकडे पाठवायची, असा क्रम चालला होता. आणि गंमत अशी, की या घरात कॉफी कुणीही पीत नव्हतं. दिवसाला सोळा कप चहा व्हायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मोजलेत.

शुक्रवारी दुपारी जेवताना माझे धाकटे दीर, प्रफुल्लभाऊजी यांनी विषय काढला. मागची झाडं काढायची, जागा सपाट करायची आणि पुढच्या हंगामाला स्ट्रॉबेरी लावायची. सोमवारी जेसीबी येणार, बोलणं झालेलं आहे. भाऊजी काही वाईट माणूस नव्हते, आणि त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. आमच्याकडच्या चार घरांनी स्ट्रॉबेरी लावली होती आणि त्यांचं छान चाललं होतं.

सासूबाईंनी मान डोलावली. आमच्या घरात त्यांची मान डोलली म्हणजे ठराव पास. त्या म्हणाल्या, "ज्या मालाले घरातलं कोनी तोंड लावत नाई, त्याचे झाडं कायले ठेवाचे? पिवून पाहाची तरी इच्छा होते काय कोनाले?"

मी मामाजींकडं पाहिलं. त्यांचा घास ताटातच राहिला होता. ते दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलायचे. पण मला आठवलं, मी नवी नवरी म्हणून आले त्या मार्चमध्ये रात्रंदिवस माहेर आठवून रडत असायची. नवरा धारणीला शाळेवर, घरी यायचा रविवारी. एका सकाळी मामाजींनी माझ्यापुढं एक फांदी धरली. पांढऱ्याशुभ्र फुलांनी गच्च भरलेली, मोगऱ्यासारखा घमघमाट. "कॉफीचे फूल हाय," ते म्हणाले. "आठच दिवस रायते. पाहून घे." एवढंच बोलून गेले. पण त्या दिवसापासून माझं रडणं थांबलं, हे खरं.

तर शुक्रवारी त्यांचा थांबलेला घास मी पाहिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पण आई, आपली कॉफी आपण नीट करून तरी पाहिली का?"

सगळे माझ्याकडं वळले. सासूबाईंनी ताक ओतायचं थांबवलं.

"तू करशीन?"

"करीन."

"बरं. अइतवारी संध्याकाळी मले पेवंशी वाटली, तं झाडं राहतीन. नाई वाटली, तं सोमवारी मशीन. मंग तोंड पाडून बसू नको."

"नाही बसणार," मी तोऱ्यात म्हणाले. तोरा म्हणजे काय, नुसता वरवरचा. मी वरूडची. आमच्याकडं संत्री पिकतात. कॉफी मी आयुष्यात दोनदा प्यायले होते, दोन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नात.

आता शनिवारी मला संत्र्याचा धागा सापडला होता आणि अंगात आल्यासारखं झालं होतं. बाबांनी आठवड्यापूर्वीच आंबिया बहाराची टोपलीभर संत्री पाठवली होती. अर्धी रजनीनं संपवली होती, पण अर्धी होती.

"मसाला काय घालायचा?" मी म्हणाले. "दालचिनी."

"लवंग."

"मिरे चार."

"अन् गूळ! वहिनी, साखर नाई, गूळ!"

आम्ही खलबत्ता घेतला, दूध तापायला ठेवलं, कुटलेली कॉफी टाकली, मसाला टाकला, गूळ टाकला, चहासारखी खळखळ उकळली. आमच्या घराला दुसरी कुठली रीतच ठाऊक नव्हती. वास असा सुटला की रजनी चुलीभोवती नाचायला लागली. मग मी दोन संत्री पिळून तो रस मोठ्या दिमाखात पातेल्यात ओतला.

तीन मिनिटांत पातेल्यात तांबूस पाणी आणि वर पांढरे गोळे. दूध फाटलं होतं. आंबट रस दुधात पडल्यावर दुसरं काय होणार? शेंबड्या पोराला कळतं ते मला उत्साहाच्या भरात कळलं नव्हतं.

"लपव," मी म्हणाले. "आई गोठ्यातून यायच्या आत मांजरीला घाल."

रजनीनं वास घेतला. "मांजर नाई पेणार हे. तिलेही काही इज्जत हाय."

तेवढ्यात दारात सावली पडली. मामाजी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मी त्यांना आजवर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पातेल्याकडं पाहिलं, जळक्या घाण्यांकडं पाहिलं, मग म्हणाले, "पानी दे जरा."

पाण्याचा माठ बाहेर ओसरीवर होता. ते रोज तिथूनच प्यायचे. मी तांब्या दिला. दोन घोट पिऊन ते गेले. अर्ध्या तासानं पुन्हा आले. या वेळी पाणी मागितलं नाही. कागदाची एक पुडी चुलीजवळ ठेवली.

"बारीक दाना अगुदर जळते," ते म्हणाले. "हे सारखे हायेत. मंद जाळावर घे."

पुडीत कॉफीच्या बिया होत्या, एकेक निवडलेल्या, सगळ्या एका मापाच्या. व्यापाऱ्यानं नाकारलेलं अर्धं पोतं माळ्यावर पडून होतं, त्यातून त्यांनी एवढा वेळ बसून वेचल्या होत्या. मला काही म्हणायचं होतं, पण ते निघूनही गेले होते. आता मात्र मी मनाशी पक्कं केलं. हरायचं नाही.

शनिवार असाच गेला. साल जाड काढली तर आतल्या पांढऱ्या भागानं कॉफी कडूजहर व्हायची. रस उकळला तरी कडू. लवंग जास्त झाली तर दाढदुखीच्या औषधासारखी लागायची. पण प्रत्येक वेळी काही तरी उमगायचं आणि आम्ही पुन्हा भांडं घासून चुलीवर ठेवायचो. रविवारी सकाळी नवरा आला, त्याला आम्ही तीन कप पाजले. चौथ्याला तो शेजारी पळून गेला.

रविवारी दुपारी अडीचला ती जमली.

मामाजींच्या बिया मंद जाळावर, हात न थांबवता, विटकरी रंगाच्या पुढं गेल्या की उतरवल्या. जाडसर कुटल्या. संत्र्याची साल सुरीनं वरवरची, कागदासारखी पातळ काढली. ती साल, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, चार मिरे आणि गूळ पाण्यात उकळून घेतलं. मग पातेलं उतरवून त्यात कॉफी टाकली, झाकण ठेवलं, शंभरपर्यंत आकडे मोजले. फडक्यानं गाळली. आणि कपात ओतल्यावर, अगदी शेवटी, चमचाभर ताजा रस वरून पिळला.

रजनीनं घोट घेतला. मी घोट घेतला. आधी संत्र्याचा तजेला, मग कॉफीचा तो खमंग कडवटपणा, मग घशात मिऱ्याची ऊब, आणि सगळं झाल्यावर जिभेवर गूळ. मी ओट्यावर हात आपटला. रजनीनं मला मिठी मारली. आम्ही दोघी चुलीपुढं अशा उड्या मारत होतो की कुणी पाहिलं असतं तर मांत्रिकाला बोलावलं असतं.

"जिंकलो!" मी म्हणाले. "रजनी, झाडं वाचली!"

आणि मग रजनी एकदम थांबली. कपाकडं पाहत म्हणाली, "वहिनी... पन हे कोरं हाय."

मी कप खाली ठेवला. आमच्या भागात मयताच्या घरी कोरा चहा देतात. घरची चूल पेटत नाही, शेजारचे किटलीतून बिनदुधाचा चहा आणतात, आलेली माणसं ओसरीवर बसून गुपचूप पितात. एरवी कुणाकडं दूध नासलं, संपलं, तरी बाई उसनं आणेल, पण पाहुण्यापुढं कोरा कप ठेवणार नाही. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. पण दोन दिवस चव, चव करत मी इतकी बेभान झाले होते की ही गोष्ट डोक्यातच आली नाही.

"दूध घालून पाहू," मी म्हणाले.

घातलं. फाटलं. रस काढून टाकून दुधात केली. फाटली नाही, पण तिच्यात जीवच नव्हता. गरम पाणी, थंड दूध, थेंबथेंब, सगळं करून पाहिलं. घड्याळात साडेचार झाले.

"दुसरी कोणती तरी कर ना वं," रजनी रडकुंडीला आली. "साधी, दुधाची."

"साधी त्या पिऊन नाक मुरडतील आणि झाडं जातील. ही आहे तीच न्यायची. कॉफीला कोण कोरा चहा म्हणतं?"

"माय म्हनन," रजनी म्हणाली.

पाच वाजता ओसरीवर उन्हं तिरपी आली होती. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्याशेजारी मामाजी खाटेवर, समोर भाऊजी. नवरा दाराला टेकून उभा होता. आत फोनजवळ खुर्ची आणून ठेवलेली, कारण जेसीबीवाला सव्वापाचला फोन करणार होता. मी ताटात कपबशा मांडून बाहेर आले. सगळ्या ओसरीभर तो वास पसरला. भाऊजींनी नाक वर केलं.

"अरे बाप्पा! वहिनी, हे काय बनवलं?"

सासूबाईही हसल्या. "वास तं चांगला हाय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बशी हातात घेतली. कपात पाहिलं. हसू मावळलं.

"दूध कुठी हाय?"

"आई, हिच्यात दूध चालत नाही. फाटतं. ही अशीच प्यायची असते."

"हे कोरं हाय."

"कॉफी आहे, आई. चहा नाही."

"मले शिकवू नको." त्यांनी बशी खाली ठेवली, इतक्या सावकाश की आवाजही झाला नाही. "भरल्या घरात, संध्याकायच्या टायमाले, नवरा बाजूले बसला असतानी मी कोरं पेऊ? कोन मेलं अठी? तुह्या मायनं हेच शिकवलं काय?"

भाऊजी खाली पाहू लागले. ते हळूच म्हणाले, "वहिनी, मन खट्टू करू नका. पहिली पेटी स्ट्रॉबेरी तुमालेच." त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि त्यामुळं मला जास्तच रडू आलं. मी कप उचलायला वाकले.

"आन इकळे."

मामाजींचा आवाज. मी वळले. त्यांनी हात पुढं केला होता.

"अवो, ठेवा ते," सासूबाई म्हणाल्या.

"कायले ठेवू?"

"कोरं हाय ते!"

"मंग? मी मेल्यावर पेऊ काय?"

मामाजींनी माझ्या हातातून कप घेतला, बशी बाजूला ठेवली.

"मी मेलो का सारं गाव अठी बसून माह्या नावानं कोरा चहा पेईन," ते म्हणाले. "मले त्याच्यातला एक घोट तरी भेटन काय? आज जिता हाय, तं पेऊ दे."

"असं अभद्र बोलू नोका," सासूबाईंचा आवाज फाटला.

"अभद्र नाई. सांगून रायलो." ते कपाकडं पाहत होते. "चोवीस वर्ष झाले ह्या झाडाईले. चौथ्या साली पहिला पसाभर दाना निघाला, तो मी भाजला. दुधात उकळला. तुह्यासाठी आनला. तू एक घोट घेतला अन् म्हटलं, जळक्या सालीसारखी लागते. सारी मोरीत ओतली."

"मंग वाईट होती तं ओतणारच ना."

"मी तोंडालेही लावली नव्हती."

सासूबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. "मंग सांगाचं नाई?"

"तू भांडं घासाले घेतलं होतं," मामाजी म्हणाले.

रजनीला हसू फुटलं आणि तिनं तोंडात ओढणी कोंबली. मामाजींनी कप ओठांना लावला. पहिला घोट तोंडात धरला, डोळे मिटले. चोवीस वर्षं पाणी घातलेल्या, सावली धरलेल्या, डोळ्यांत तेल घालून जपलेल्या झाडांची चव त्या माणसाला त्या क्षणी पहिल्यांदा कळत होती, आणि आम्ही सगळे ते बघत होतो. दुसरा घोट. तिसरा. कप रिकामा झाला. त्यांनी मिशी पुसली. वाखाणणी काही केली नाही. कप माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "उरली काय?"

"भरपूर आहे, मामाजी!" मी जवळजवळ ओरडलेच.

आत फोन वाजला. भाऊजी उठले.

"बस," सासूबाई म्हणाल्या. "मी घेते."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या. आम्हाला त्यांचा आवाज ऐकू येत होता. "हो, अढाऊच्या घरूनच. नाई, मशीन नोका आनू... काही नाई झालं. झाडं राहू द्याचे हायेत... कायले म्हंजे? घरातला मानूस पेते ती कॉफी."

मी आणि रजनी एकमेकींचे हात धरून उभ्या होतो. नखं रुतत होती, पण कुणी सोडेना. भाऊजींनी कपाळावर हात मारला, मग स्वतःचा कप उचलला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला. "वहिनी," ते म्हणाले, "हे पर्यटक लोकाईले देल्ली तं?" पुढं त्यांनी ती दिलीही. स्ट्रॉबेरी त्यांनी रस्त्याकडच्या पट्ट्यात लावली आणि तिच्याशेजारी टपरी टाकून माझी कॉफी विकली. पण तो वेगळा विषय.

सासूबाईंनी मात्र त्या दिवशी कॉफीला तोंड लावलं नाही. पुढंही नाही. रोज पाच वाजता मी मामाजींना कप नेऊन द्यायची आणि शेजारी सासूबाईंना दुधाचा चहा. दोघं ओसरीवर बसून प्यायचे. मी दर आठवड्याला विचारायची, "आई, एक घोट?" त्या म्हणायच्या, "मले कायले? तुमचं काळं तुमालेच लखलाभ." अशी अकरा वर्षं गेली.

मामाजी मार्चमध्ये गेले, सकाळी झाडांना पाणी घालून आल्यावर, खाटेवर बसल्या बसल्या. मागं सगळी फुलं उमललेली होती. चार वाजेपर्यंत माणसं स्मशानातून परतली, ओसरी भरली. शेजारच्या घरून किटली आली. कप मांडले गेले, त्यात कोरा चहा ओतायला सुरुवात झाली.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्या नेहमीच्या जागी. कुणीतरी त्यांच्यापुढं कप धरला. त्यांनी तो हातानं दूर केला आणि मला शोधलं.

"प्रणिता," त्या म्हणाल्या, "चहा नको. त्याईची कॉफी कर."

घरची चूल पेटवायची नव्हती. मी डबा, गूळ आणि दोन संत्री घेऊन शेजारच्या घरी गेले. साल सोलताना मला काही दिसत नव्हतं, पण हातांना सगळं पाठ होतं. किटली भरून आणली. आलेल्या माणसांना दिली. पहिला कप सासूबाईंना दिला.

त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. वास घेतला. घोट घेतला, मग आणखी एक, सावकाश, कप रिकामा होईपर्यंत. मग रिकाम्या खाटेकडं पाहिलं.

"एवढी चांगली लागते," त्या म्हणाल्या. "अन् मी अकरा वर्ष बाजूले बसून चहाच पेत रायली."